सकाळमध्ये गुंडाळलेली रात्रीची गोळी

रात्रीचे साडेअकरा. डाव्या कुशीवर पडून एका हाताने टाइप करतेय त्यामुळे शुद्धलेखन माफ करा. अजून थोडा वेळ तरी उठायचं नाहीये.

झालं असं की संध्याकाळी फ्रीज उघडला तर माझं औषधाचं खोकं जागेवर नाही. दाराच्या वरच्या कप्प्यात ठेवते मी, लोणच्याच्या बाटलीशेजारी. शोधशोध शोधलं तर पार खाली भाजीच्या ट्रेमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीला खेटून, पेपरात नीट घडी घालून गुंडाळलेलं आणि वरून रबरबँड. पेपर सकाळ. रात्रीची गोळी सकाळमध्ये, विनोद अगदी आयता होता पण हसू आलंच नाही, घशाशी काहीतरी आलं.

आठवीत होते तेव्हा कोपऱ्यावरचे मेडिकलवाले काका पॅडचं पाकीट असंच बांधून द्यायचे, पेपर आणि वर काळी पिशवी, आणि मी ते दप्तरात घालून खाली बघत घरी यायचे. आता चाळिशी आली, गृहकर्ज माझ्या नावावर, आणि माझ्याच घरच्या फ्रीजमध्ये परत तोच पेपर.

दुपारी मीनामावशी येऊन गेल्या, म्हणूनच असणार. मागच्या वेळी त्या "किती वाळलीस गं" म्हणाल्या तर मी तोंड उघडायच्या आत आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, "पित्ताचा त्रास आहे तिला" सांगून टाकलं. पित्त! त्याच्याआधी वर्षभर मूळव्याध होती. सुरण झाला, इसबगोल झालं, गरम पाण्याच्या टबात बसून झालं, रक्त काही थांबेना. शेवटी दुर्बिणीने आतून बघितलं आणि तुकडा तपासायला पाठवला तेव्हा कळलं अल्सरेटिव्ह प्रॉक्टायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या वीतभर भागाला आतून सूज आणि जखमा. वीतभरच आहे म्हणून तर गोळी, सपोझिटरी म्हणतात तिला, तोंडाने न घेता गुदद्वारातून आत तिथेच ठेवायची, औषध जिथे हवं तिथे थेट पोचतं. याच औषधाच्या, मेसालामाइनच्या, पोटात घ्यायच्या गोळ्याही मिळतात. त्या असत्या तर डायनिंग टेबलवर आईंच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी मानाने बसल्या असत्या, कोणी पेपरात गुंडाळल्या नसत्या. औषध तेच, दार वेगळं.

आणि सगळ्यात लागलं ते हे की फ्रीजमध्ये ठेव असं आईच म्हणाल्या होत्या. गेल्या गुरुवारी. गुरुवारी लाइट जायची ती गेलीच, त्यात मे महिना, खोलीत भट्टी. खोक्यावर लिहिलंय २५ अंशांच्या खाली ठेवा, पुण्यात मेमध्ये २५ अंश कुठून आणायचे. रात्री रॅपर सोलायला गेले तर आत लोणी. अर्धी बोटाला, अर्धी प्लॅस्टिकला. दुसरी काढली, ती न सोलता वाटीभर माठातल्या पाण्यात टाकून ओट्यापाशी उभी राहिले तर आई पाणी प्यायला आल्या. वाटीत बघितलं. मी मेल्याहून मेल्यासारखी. त्या म्हणाल्या, "मऊ पडते का गं? मग फ्रीजमध्ये नाही का चालत?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले चालेल, फक्त फ्रीझरमध्ये नको.

मग आता लपवायचं कशाला?

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलेलं, "रॅपर काढून ठेवायची हे माहितीये ना?" मी हसले तर म्हणाले हसू नका, लोक रॅपरसकट ठेवतात, काही जण गिळतात. कोणी नीट सांगतच नाही ना. पहिल्या रात्री मी जेमतेम टोकाशी ठेवली आणि दोन मिनिटांत बाहेर. परत फोन केला. मग कळलं, आधी पोट साफ करून यायचं, हात धुवायचे, डाव्या कुशीवर, वरचा पाय पोटाशी, टोकदार बाजू पुढे, गोळीवर पाण्याचा नाहीतर तेलकट नसलेल्या, पाण्याच्या जेलचा जरा हात फिरवायचा आणि तिथला स्नायू ओलांडेपर्यंत हळूच आत सरकवायची, नुसती तोंडाशी ठेवली की शरीर ती परत ढकलणारच. नखं कापलेली हवीत हे मला माझंच कळलं, कसं ते विचारू नका. हातात जास्त वेळ धरली तरी वितळते. तोडायची नाही, अर्धी करायची नाही. आणि मग एक ते तीन तास, जमलं तर जास्तच, आत राहायला हवी, म्हणून झोपतानाच.

डाग मात्र पडतात. बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर एक तपकिरी ठिपका बसलाय तो कशानेही जात नाही. चादर जुनी घेते, पॅड लावते. परत पॅड, बघा.

मधे रक्त थांबलं म्हणून मी दहा दिवसांत शहाणपणाने बंद केली होती, महिन्यात पहिले पाढे पंचावन्न. तेव्हापासून एक रात्र चुकली तरी दुसऱ्या रात्री दोन घेत नाही, एकच, आणि स्वतःच्या मनाने बंद नाही. पोटात जास्त कळा, ताप, पुरळ, रक्त वाढलं तर थांबवून लगेच फोन करायचाय. क्रिएटिनिनची रक्ततपासणी पुढच्या आठवड्यात, किडनीवर लक्ष ठेवायला. समीरला, म्हणजे नवऱ्याला... जाऊ दे.

पेपराचंच डोक्यातून जात नाहीये. म्हणजे आईंना माझी लाज वाटते का? की माझी लाज माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळली? कारण खरं बोलायचं तर ऑफिसात मी मायग्रेन सांगते. कोकणच्या ट्रिपला गेले नाही, सांगितलं मायग्रेन. खराडीपर्यंत बसमध्ये जीव मुठीत धरून जाते आणि उशीर झाला की ट्रॅफिक नाहीतर मायग्रेन. त्यांचं पित्त, माझं मायग्रेन, सासू-सून मिळून अख्ख्या शरीराचे रोग वाटून घेतलेत, फक्त खरा तेवढा कोणाच्या वाट्याला नाही. हे टाइप करताना जरा हसू आलं खरं. आणि ट्रेमधली ती कोथिंबीर, तीही पेपरातच होती. ती पेपरात टिकते म्हणून आई तशीच ठेवतात, रोज. कढीपत्ताही. हे आत्ता सुचतंय.

आत्ताच दार वाजलं.

"झोपलीस का गं?"

"नाही आई, पण उठता येणार नाही आत्ता."

"उठू नकोस. तो पेपर टाकलास की काय? मागे माझं कोडं आहे, अर्धं राहिलंय."

पेपर उशाशीच होता. उलटा केला तर खरंच, निळ्या पेनाने निम्मं भरलेलं.

"आहे, उद्या देते."

"नदीकाठचं गवत, तीन अक्षरी. दुपारपासून अडलंय मेलं."

जरा वेळ गेला. पोटात औषध, डोक्यात गवत.

"लव्हाळा बघा बसतंय का."

बाहेर शांतता, बोटांवर मोजत असणार.

"बसतंय. झोप आता."