उजवी पापणी लवायची थांबेना तेव्हा

मार्च एंडच्या धामधुमीत माझ्या उजव्या डोळ्याची खालची पापणी लवायला लागली. थांबायची, परत सुरू व्हायची. आरशाजवळ जाऊन पाहिलं की कातडीखाली बारीक लहर सरकताना दिसायची, समोरच्याला मात्र पत्ताच नसायचा. बाईचा उजवा डोळा लवणं अशुभ, म्हणून सासूबाई धास्तावल्या. त्यांनी पापणीवर केरसुणीच्या काडीचा तुकडा चिकटवून दिला. त्यात माया होती, मी लावून घेतला.

आठवडे उलटले तरी थांबेना, तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडे गेले. मॅडमनी आधी झोप, चहा, कामाचा ताण आणि स्क्रीनचं विचारलं. मग डोळे घट्ट मिटा, कपाळाला आठ्या घाला, गाल फुगवा, दात दाखवा. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी सातवी नस नीट आहे ना, ते त्यावरून कळतं. नंतर खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. ती दहा मिलिमीटरच्या पुढे भिजली तर ठीक. माझी सातावरच थांबली. म्हणजे डोळे कोरडे. स्क्रीनकडे टक लावली की आपण पापण्या कमी मिटतो, त्यात अपुरी झोप आणि दिवसभर चहा.

पापणीच्या या थरथरीला मायोकायमिया म्हणतात आणि बहुतेक वेळा ती आपोआप जाते, हे ऐकून केवढा जीव भांड्यात पडला! मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊ का, असंही विचारलं. त्याला भक्कम पुरावा नाही, म्हणाल्या. ड्रॉप्स दिले, दुपारनंतरचा चहा बंद केला. एप्रिल सरता सरता लवणं थांबलं.

पण त्यांचं एक वाक्य मी घरी घेऊन आले: दोन्ही डोळे आपोआप गच्च मिटत असतील, पापणी खाली पडत असेल, डोळा लाल होऊन सुजला असेल किंवा डोळ्याबरोबर गाल आणि तोंडाचा कोपराही ओढला जात असेल, तर लगेच दाखवा. माझ्या मावशीचा डावा गाल कधीपासून तसाच ओढला जातो आणि घरात सगळे त्याला ‘सवय’ म्हणत आलेत! तिला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. हेमिफेशियल स्पाझम निघाला, म्हणजे चेहऱ्याच्या एकाच बाजूचे स्नायू आपोआप आखडणं. एमआरआयमध्ये एक रक्तवाहिनी त्याच सातव्या नसेवर टेकलेली दिसली. तिला स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं सुरू झालीत. परिणाम साधारण तीन महिने टिकतो, त्यामुळे पुढचं दिवाळीच्या आधी घ्यायचं ठरलंय.