ताटाची डावी बाजू

मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक आला की डावा हात-पाय लुळा पडतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. माझी मात्र अख्खी डावी बाजूच नाहीशी झाली होती, आणि ती नाहीशी झालीय याचा मला पत्ताही नव्हता. डिस्चार्जनंतर घरी आले तर ताटातली भाजी-आमटी संपायची. चटणी, कोशिंबीर, लोणचं जागच्या जागी. सुनेला वाटलं, आईंच्या तोंडाची चव गेली. बिचारी रोज वेगळी कोशिंबीर करायची!

रोजची कामं पुन्हा शिकवायला घरी येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने एक दिवस जेवतानाच माझं ताट फिरवलं. कोशिंबीर उजवीकडे आली, आणि मी ती चाटूनपुसून खाल्ली. डोळे ठीकच होते. मेंदू डावीकडची दखल घेत नव्हता. याला ते लोक नेग्लेक्ट म्हणतात.

मग पेपरच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लागली. पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, मगच ओळ वाचायची. तोवर अर्ध्यापासून वाचलेल्या बातम्यांतून मी काय काय अर्थ काढले असतील, देव जाणे. ह्यांची खुर्चीही डावीकडे हलवली. गप्पा मारायच्या तर तिकडे वळा, असा थेरपिस्टचा हुकूम. ह्यांना उचलून हातात द्यायची फार हौस, त्यामुळे सगळ्यात जास्त ओरडा त्यांनीच खाल्ला.

कपड्यांचं तंत्र सोपं आहे: लुळा हात बाहीत आधी घालायचा आणि शेवटी काढायचा. हुकांचे ब्लाउज मात्र मी सोडून दिले. डाव्या हाताची बोटं अजून पुरती उघडत नाहीत.

आता भाजीला एकटी जाते. रस्ता ओलांडताना अर्ध्यापर्यंत गाड्या उजवीकडून येतात, त्यांचं काही नाही. दुभाजकानंतर त्या डावीकडून येतात, तिथे थांबून मान पूर्ण वळवते. त्यातून उलट्या दिशेने घुसणारे बाइकवाले आहेतच.

दादरच्या पुलावर वेगळीच कथा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा आधी, हे अंगवळणी पडलंय; पण कठडा उजव्या हाताला हवा, म्हणून मी गर्दीच्या उलट बाजूने उतरते. "मावशी, लेफ्टने चला ना!" असं रोज कुणीतरी ओरडतं. "लेफ्टच तर गेलंय बाबा," असं एकाला सुनावलं, तर तो निमूट बाजूला झाला. बाकीच्यांशी वाद घालत नाही. कठडाही सोडत नाही.