जर्मनीत बँक खातं उघडताना: आधी पत्ता, मग बाकी सगळं

गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापुरात आलोय आणि आल्यापासून आमच्या कॉलेजची पोरं घरी येऊन एकच विचारायलेत, दादा तिकडं खातं कसं काढायचं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. मी टेक्स्टाइलवाला, ड्रेस्डेनला मास्टर्स करतोय, त्यामुळं हे सगळं जर्मनीचं आहे, बाकी देशांचं तिथल्या पोरांना विचारा.

व्हिसासाठी इथूनच श्पेरकोंटो म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट काढावं लागतं. माझ्या वेळी त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे होते, महिन्याला ९९२ सुटतात (आकडा वाढत असतो, जायच्या आधी दूतावासाच्या साइटवर बघून घ्या). घरच्यांना वाटतं एवढे पैसे भरले म्हणजे झालं. पण ते पैसे दर महिन्याला तुमच्या स्वतःच्या नावाच्या रोजच्या वापराच्या खात्यात येतात, त्याला तिकडं गिरोकोंटो म्हणतात, आणि ते खातं तिकडं पोचल्यावर काढायचं असतं. ते नसलं तर पैसे आपलेच पण हातात काहीच नाही. पप्पा फोनवर म्हणले, "अरे भरलेत की आपण सगळे, मग अडलंय कुठं?" त्यांना हे समजावताना मला फार वाईट वाटलं, कारण त्यासाठी घरातल्या एफडी मोडल्या होत्या.

अडतं ते पत्त्यावर. नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या ऑफिसात आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची असते, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक वेगळा कागद लागतो, की हा माणूस अमुक तारखेपासून इथं राहायला आलाय. नुसता भाडेकरार दाखवून काम होत नाही. थोड्या दिवसांसाठी घेतलेल्या रूमचे मालक हा कागद द्यायला सहसा तयार नसतात, मग नोंदणी नाही, नोंदणी नाही तर बऱ्याच बँका खातं देत नाहीत, आणि खातं नाही म्हणून चांगलं घर देणारा मालक भाडं कुठून देणार विचारतो. म्हणून सांगतो, विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज अॅडमिशन आल्याच्या दिवशीच टाका, तिथं हा कागद मागावा पण लागत नाही, चावीबरोबर देतात. आणि पोस्टाच्या पेटीवर स्वतःचं आडनाव चिकटवा. तिकडं पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जातं, मग त्यात तुमचं कार्ड असो नाहीतर पिन.

नावाचं पण बघा. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावापुढं वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. युनिव्हर्सिटीच्या पत्रावर एक नाव, नोंदणीत दोन, बँकेच्या फॉर्मवर तिसरंच, असं झालं की पडताळणीत अडकतं. सगळीकडं पासपोर्टावर आहे तस्संच लिहा, एक अक्षर कमी-जास्त नको. माझ्या कार्डावर पप्पांचं नाव पण छापून आलंय, मला ते आवडतं.

आता खरा त्रास. एका मोबाइल अॅपवाल्या बँकेत अर्ज केला तर व्हिडिओवर ओळख तपासणारा माणूस म्हणाला भारतीय पासपोर्ट व्हिडिओवर चालत नाही, पोस्टात जाऊन ओळख पटवायची सोय त्यांच्याकडं नव्हती. मग गावातल्या एका बँकेच्या शाखेत गेलो, तिथल्या बाईंनी कागद हातात पण न घेता सांगितलं की युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची खाती आम्ही सध्या उघडत नाही. कारण नाही, लेखी काही नाही. त्या दिवशी मी खूप चिडलो होतो, अजूनही आठवलं की चिडतो, कारण नवीन आलेलं पोरगं असा नकार ऐकून गप्प घरी जातं आणि मित्राच्या खात्यातून भाडं भरत बसतं.

आमच्या वसतिगृहातल्या कोल्हापूरच्या एका ताईने मला बाझिसकोंटो सांगितलं, आणि हे प्रत्येकाला माहीत असलंच पाहिजे. युरोपियन युनियनचा २०१४ चा निर्देश आहे आणि त्यावरून जर्मनीत जून २०१६ पासून कायदा लागू आहे, की युनियनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या कुठल्याही माणसाला साधं खातं मिळण्याचा हक्क आहे, कायमचा पत्ता नसला तरी, निर्वासित असला तरी. जी बँक सामान्य लोकांना खाती देते तिला नाही म्हणता येत नाही, काही ठरावीक कारणं सोडून. पूर्ण भरलेला अर्ज मिळाल्यापासून कामाच्या १० दिवसांत त्यांनी खातं उघडून द्यायला हवं, नकार द्यायचा तर कारणासकट लेखी, आणि त्यावर बाफिन म्हणजे तिथल्या बँकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडं तक्रार करता येते. अर्जाचा ठरलेला नमुना आहे. मी तो भरून, पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीचा कागद जोडून त्याच शाखेत परत गेलो आणि अर्ज मिळाल्याची तारखेसकट पोच द्या म्हणालो. आवाज चढवायची गरजच पडली नाही. त्याच बाई आत जाऊन कोणाला तरी विचारून आल्या आणि अर्ज घेतला, खातं मुदतीत उघडलं. या खात्यात ओव्हरड्राफ्ट म्हणजे शिल्लक संपल्यावरही पैसे काढायची सोय नसते आणि महिन्याची फी लागू शकते, पण भाडं, पगार, कार्ड सगळं चालतं.

वापराचं थोडक्यात सांगतो. कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटात येतात, अॅप चालू करायचं पत्र अजून वेगळं, एकही फेकू नका. आयबॅन म्हणजे तिकडचा खाते क्रमांक २२ अक्षर-आकड्यांचा असतो, आपल्या आयएफएससीसारखं वेगळं काही द्यावं लागत नाही. हेल्थ इन्शुरन्स, मोबाइल, टीव्ही-रेडिओची फी (घरामागं महिना १८.३६ युरो) सगळे खात्यातून परस्पर कापून घेतात, त्यामुळं महिन्यातून एकदा तरी स्टेटमेंट बारकाईनं वाचा. परस्पर कापलेली रक्कम ८ आठवड्यांच्या आत कारण न सांगता परत मागवता येते, हे फार कामाचं आहे.

आणि इथलं काम विसरू नका. तिकडं राहायला गेलात की फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणं इथलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं करून घ्यावं लागतं. मी या सुट्टीत आमच्या शाखेत जाऊन केलं, पासपोर्ट, व्हिसा, पॅन आणि तिकडच्या पत्त्याचा पुरावा लागला, नोंदणीचा कागद त्यालाही चालला. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर सेस कापतात. तिकडं कमावलेले पैसे घरी पाठवणार असाल तर एनआरई नावाचं वेगळं खातं काढा, त्याचं व्याज इथं करमुक्त आहे आणि पैसे परत तिकडं नेता येतात. बँक खात्याशी जोडलेलं इथलं सिमकार्ड मात्र रिचार्ज करून चालू ठेवा, रोमिंगवर ओटीपी आला नाही तर इथलं काहीच करता येत नाही. जायच्या आधीच ते तपासून घ्या.