वाफसा, मुरूम आणि माझी जिप्सी

मातीवरच्या मोटरस्पोर्टचा सीझन संपला. गाडी शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे, चाकं उतरवलेली. द्राक्षबागेत काढणी चालू आहे, त्यामुळे तिच्याकडे बघायला घरात कोणालाच वेळ नाही. म्हणून रात्री जेवणानंतर वही उघडून नोंदी नीट लिहून काढतोय. ज्यांना नुसते आकडे हवेत त्यांच्यासाठी आधीच सांगतो: पाच इव्हेंटला नाव दिलं, चार पळालो, तीन पूर्ण केले, एक पोडियम. तोही तिसरा.

गाडी म्हणजे जुनी जिप्सी किंग. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन, कागदावर ८० बीएचपी. त्यातले आज किती शिल्लक असतील ते तिलाच ठाऊक. पुढे-मागे दोन्हीकडे पाटे, म्हणजे पानांच्या स्प्रिंगा, सरळ अ‍ॅक्सल, आणि स्टिअरिंगला एवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, की गाडी वळायच्या आधी मी दोनदा विचार बदलू शकतो. पण नाशिकमध्ये मातीवर पळायचं म्हटलं की जिप्सीसारखी दुसरी गाडी नाही. पार्ट मिळतात, आणि गॅरेजवाल्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

जून

रोलकेज, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा, अंबडला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये वेल्ड करून घेतला. बकेट सीट, हार्नेस, अग्निशामक, लायसन्सची फी. हिशोब नानांना, म्हणजे वडिलांना, सांगितला नव्हता, तरी त्यांना कळलाच. "एवढ्यात फवारणीचा ब्लोअर आला असता," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, नाना, हा खेळ टवाळखोरांचा नाही, गौरव गिलला २०१९ला अर्जुन पुरस्कार मिळालाय, मोटरस्पोर्टमधला पहिलाच. त्यावर ते म्हणाले, "त्याला मिळालाय ना? तू औषधाची टाकी भर."

पाटे उतरवले, पानं वेगळी केली, गंज घासला, ग्रीस भरलं, बुश नवे टाकले. मग हौसेनं सगळ्यांना जाडजूड काळा रंग मारला. अ‍ॅक्सलवरच्या बैठकीलाही मारला. उस्ताद, म्हणजे आमचे मेकॅनिक, म्हणाले, "रंग कशाला? धुळीतच तर जायचंय." मी ऐकलं नाही. ही नोंद अधोरेखित करून ठेवली आहे, पुढे कळेल का ते.

जुलै

पहिला इव्हेंट, ऑटोक्रॉस: आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर एकेक गाडी, घड्याळाशी शर्यत. आदल्या रात्री पाऊस झाला आणि सकाळी अर्धा ट्रॅक काळ्या मातीचा निघाला. टायरला चिकटा एवढा बसला की दुसऱ्या वळणापर्यंत चाकांची खाच दिसेनाशी झाली, चार चाकांच्या जागी चार मातीचे गोळे. गाडी मुळात टू-व्हीलवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद, अशी ठेवली होती. प्रत्येक वळणाला मागची बाजू सुटत होती, मी उलटं स्टिअरिंग मारून सावरत होतो आणि दोरीपलीकडचं पब्लिक शिट्ट्या वाजवत होतं. एका पठ्ठ्यानं काढलेला व्हिडिओ दोन दिवस सगळ्या ग्रुपवर फिरला.

वेळ: २ मिनिटं ३१.४. आमच्या क्लासमध्ये जिंकणाऱ्याची: २ मिनिटं १२. त्याचा व्हिडिओ कोणीच काढला नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. फोर-व्हीलवर गाडी टाकली, वळणाच्या आधी सरळ रेषेत ब्रेक मारला आणि गेला निघून. एवढंच.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांच्यासाठी: जिप्सीला मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा) नाही. त्यामुळे फोर-व्हीलवर घट्ट वळणात ती नाक बाहेर काढते, वळायला नाखूश असते. पण वळणातून बाहेर पडताना चारही चाकं ओढतात. टू-व्हीलवर आत सहज वळते आणि बाहेर पडताना नुसती चाकं फिरवत बसते. मजा टू-व्हीलला, वेळ फोर-व्हीलला. हे मला तोंडपाठ होतं. तरीही मी त्या दिवशी मजाच निवडली.

सप्टेंबर

सिन्नरकडचा माळ, रॅली स्प्रिंट. ३ किलोमीटरच्या वर एकच स्टेज, तीन वेळा पळायची. शेजारी आतेभाऊ नेव्हिगेटर म्हणून. तो एरवी सीएनसीवर काम करतो, त्यामुळे आकड्यांत पक्का. रेकीला, म्हणजे आधी रस्ता बघून घेताना, आम्ही प्रत्येक वळणाला नंबर दिला, आणि तो पेसनोट्स, म्हणजे वळणांच्या त्या नोंदी, अशा शांतपणे वाचतो की जणू वाणसामानाची यादी.

पहिला रन बरा गेला. दुसऱ्यात गाडी उजवीकडे ओढायला लागली. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग थोडं डावीकडे धरून ठेवावं लागत होतं. मला वाटलं, टायरची हवा गेली. सर्व्हिसला आल्यावर हवा मोजली तर चारही टायर ठीक. तरी आम्ही मागचे टायर अदलाबदल केले. त्या भानगडीत टाइम कंट्रोलला, म्हणजे ठरल्या मिनिटाला हजर व्हायच्या चौकीला, दोन मिनिटं उशिरा पोचलो. दर मिनिटाला १० सेकंद, म्हणजे २० सेकंदांचा दंड. (घाई करून लवकर पोचलात तर त्याहून वाईट, मिनिटाला अख्खं मिनिट. ते एका मित्रानं अनुभवलंय.)

तिसऱ्या रनला पहिल्याच ओहोळातून वर येताना मागून 'खट्' झालं आणि डावं चाक मडगार्डला मागच्या बाजूनं घासायला लागलं. थांबलो. हेल्मेट काढून खाली वाकलो. पाट्याची पानं जिथं अ‍ॅक्सलवर बसतात तिथं सेंटर बोल्टचं डोकं गायब होतं. चारही यू-बोल्टच्या जागी रंग चेपून पिळून बाहेर आला होता, आणि अ‍ॅक्सल चांगला बोटभर मागे सरकला होता.

आता गंमत बघा. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवायला असतो. अ‍ॅक्सलला खरं धरून ठेवतात ते यू-बोल्ट, त्यांच्या आवळण्यानं. मध्ये रंगाचा जाड थर असला की तो दाबानं हळूहळू चेपतो, तेवढा यू-बोल्ट सैल पडतो आणि सगळा भार त्या बिचाऱ्या बारक्या बोल्टवर येतो. पाटे बसवल्यावर शे-दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. मी आवळले नव्हते. उस्तादांनी पुढं हे सगळं बघितलं आणि काही बोलले नाहीत. नुसतं नखानं रंगाचा एक पापुद्रा काढून माझ्या हातावर ठेवला.

जवळच्या गावात पिकअपच्या पाट्याचा एक बोल्ट मिळाला, तो घासून बसवला आणि गाडी ३०च्या वेगानं घरी आणली.

ऑक्टोबर

नाव दिलं होतं. छाटणी निघाली. गेलो नाही.

डिसेंबर

इथून सीझन फिरला, आणि तो माझ्यामुळे फिरला नाही.

ट्रेलर ओढायला पिकअप हवी होती, आणि पिकअप दुसऱ्या कोणाला द्यायची नाही म्हणून नाना स्वतः चालवायला आले. सकाळी ट्रॅक वॉकला मी निघालो तर मागून चपला घालून हेही. बाकी सगळे ड्रायव्हर वळणं बघत होते, ब्रेक कुठं मारायचा ते बघत होते. नाना खाली बघत चालत होते. मध्येच थांबले, टाचेनं थोडं उकरलं.

"हा मुरूम इथला नाही. बाहेरून आणून टाकलाय. खाली काळी आहे."

मग पुढच्या वळणावर मूठभर माती उचलली, दाबून गोळा केला आणि अंगठ्यानं हलकेच दाबला. गोळा फुटला नाही, अंगठ्याचा ठसा उमटला. "ओली आहे अजून." वीस पावलांवर, उन्हाच्या बाजूला, तेच पुन्हा केलं. गोळाच झाला नाही, मूठ उघडली तशी माती गळून गेली. "ही उडणार." तिसऱ्या जागी गोळा झाला आणि अंगठा लावताच अलगद मोकळा झाला. माझ्याकडे बघून म्हणाले, "हा वाफसा. इथं पाय धरतो."

मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो. पेरणीच्या आधी, कोळपणीच्या आधी, ट्रॅक्टर रानात घालायच्या आधी वाफसा, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी, बघतात हे मला पाचवीत असल्यापासून माहीत आहे. पण टायरच्या ग्रिपचा आणि वाफशाचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. मी इंटरनेटवर साइडवॉलच्या जाडीवर रात्र-रात्र वाचत होतो.

पहिला रन टँकरनं पाणी मारून गेल्यावर लगेच मिळाला. धूळ नाही, ट्रॅक गडद, बघायला एकदम झकास. आणि साबणासारखा घसरडा. १ मिनिट ५८.२. नाना म्हणाले, "पाणी मारलं की वरचं बोटभर ओलं होतं, खाली कोरडंच राहतं. जरा मुरू दे. गडबड कशाला करतो?" आमच्या क्लासला दोन रन होते, चांगला तो धरायचे, आणि दुसऱ्या रनला जो रांगेत उभा तो पुढे असा मामला होता. मी चार गाड्यांना पुढे जाऊ दिलं. मार्शल पोरगा विचारायला लागला, गाडीत काही बिघाड आहे का?

दुसरा रन: १ मिनिट ५१.७.

साडेसहा सेकंद. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसरा रन माझा नेहमीच थोडा बरा जातो, सगळं श्रेय मातीला देणार नाही. पण एवढा फरक याआधी कधी पडला नव्हता.

सर्किटवर पळणाऱ्या मित्रांचा मला इथं थोडा हेवा वाटतो. चेन्नईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, त्यातलं प्रत्येक वळण सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी. आमच्याकडे पहिली गाडी आणि तिसावी गाडी एकाच रस्त्यावरून जात नाहीत. पहिली सुटा मुरूम झाडते, मागच्यांना साफ रेषा मिळते. जागतिक रॅलीत तर पहिल्या दिवशी गुणतक्त्यात पुढे असणाऱ्यालाच आधी सोडतात. सेबास्टियन ओजिएसारखा विश्वविजेताही त्यावर वर्षानुवर्षं कुरकुरत आलाय. पाणी मारलेल्या ट्रॅकवर मात्र उलटं-सुलटं सगळंच होऊ शकतं. लवकर गेलात तर चिखल, उशीर केलात तर धूळ.

जानेवारी

मोजून बघितल्याशिवाय मला चैन पडेना. आमच्या रानात पडीक तुकडा आहे, मुरमाचा. फवारणीच्या टाकीतून पाणी मारलं, ५०च्या वेगावरून त्याच खुणेवर पूर्ण ब्रेक, आणि आतेभावानं टेप लावून अंतर मोजलं. प्रत्येक वेळी तीनदा, सरासरी अशी:

पाणी मारल्यावर लगेच ३१ मीटर. २० मिनिटांनी २४ मीटर. दीड तासानं, वरचा थर सुकून धूळ निघायला लागल्यावर, २८ मीटर.

एक तुकडा, एक गाडी, एका दिवसाचं ऊन. याला कोणी शास्त्र म्हणू नये, तुमच्या मातीत २० मिनिटांचे चाळीसही होतील. म्हणून घड्याळ बघू नका, मूठ बघा. आणि हो, सात मीटर म्हणजे जिप्सीच्या दोन लांब्या होतात जवळजवळ. वळणाच्या तोंडाशी दोन गाड्यांएवढी जागा.

याच चाचणीत आणखी एक सापडलं. एअर फिल्टरच्या पुढच्या, इंजिनकडच्या पाइपमध्ये सहज बोट फिरवलं तर बोट पिवळं झालं. फिल्टर नवा होता, पण त्याच्या कडेचं रबर दुमडून बसलं होतं आणि धूळ बगल देऊन थेट आत जात होती. किती दिवस, देव जाणे. प्रत्येक इव्हेंटनंतर फिल्टर झटकतो म्हणून खूश असणाऱ्यांनी एकदा पलीकडच्या बाजूला बोट घालून बघा.

फेब्रुवारी

शेवटचा इव्हेंट, ओझरच्या पलीकडे. नानांना म्हटलं, येता का? काढणीचे मजूर आले होते, ते म्हणाले नाही. मग सकाळी मीच खाली बघत ट्रॅकभर फिरलो, सहा ठिकाणी मूठ दाबून बघितली. दोघे-तिघे हसत होते. वहीत ट्रॅकचं चित्र काढून ओलं, वाफसा, कोरडं अशा तीन खुणा केल्या आणि ब्रेकच्या जागा त्याप्रमाणे मागे-पुढे केल्या. टायरमध्ये हवा २६, दिवसभर तीच. सगळे रन फोर-व्हीलवर. एकही वळण आडवं नाही, एकही शिट्टी नाही.

पहिला रन १ मिनिट ४४.९, तेव्हा दुसऱ्या नंबरवर होतो. दुसऱ्या रनला त्याहून भारी पळत होतो. आतेभाऊ कडेला घड्याळ घेऊन उभा होता, त्याचा चेहरा मला वळणातून दिसला. शेवटच्या हेअरपिनला सकाळी मी कोरड्याची खूण केली होती. मधल्या वेळात तिथं टँकर जाऊन गेला होता, आणि मी वहीवर विश्वास ठेवून ब्रेक मारला. गाडी सरळ गेली, ट्रॅकच्या खुणेचा कोन उडाला, दंड लागला. मागून आलेल्यानं मला तिसऱ्यावर ढकललं. ट्रॉफी छोटी आहे, आईनं देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलीय.

घरी आल्यावर नानांना हेअरपिनचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सकाळी बघितलेलं दुपारी कसं चालेल?" आणि क्रेट मोजायला निघून गेले.

आता कामं. तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात येताना दात वाजतात, सिंक्रो गेलेला दिसतोय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पाट्यांचा सगळा रंग खरवडून काढायचाय. स्टिअरिंग बॉक्सचा प्ले उस्ताद बघतो म्हणालेत. एप्रिलची खरड छाटणी लागायच्या आत हे झालं तर झालं, नाहीतर मग मे उजाडेल.