जेरुसलेमला जुनी सफारीम (ज्यू धर्मपुस्तकं) बघायला गेलो त्याबद्दल

गेल्या महिन्यात मामांसोबत जेरुसलेमला जाऊन आलो, खास जुनी धर्मपुस्तकं बघायला, म्हणजे ज्यांच्यावर रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) सह्या आणि हाताने लिहिलेल्या टिपा असतात ती. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घर अश्दोदला, तेल अवीवहून ट्रेन धरली, नवोन स्टेशनवरून लाइट रेलने शिव्तेई इस्राएल स्टॉप आणि तिथून मेआ शेआरिम या कर्मठ ज्यूंच्या जुन्या वस्तीत चालत. शुक्रवारी जाऊ नका, दुपारपासून शटर पडायला लागतात आणि मग शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. अंगभर कपडे घाला, माणसांचे फोटो काढू नका.

दुकानात एकदम सहीवर उडी मारू नका, आधी पुस्तकाच्या नावाचं आतलं पान बघा. साल ज्यू पंचांगातलं आणि हिब्रू अक्षरांत असतं, प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरलेला असतो; बऱ्याचदा एखाद्या पासुकातली (बायबलच्या वचनातली) काही अक्षरं मोठी छापलेली असतात, त्यांची बेरीज करायची आणि पाच हजार वगळलेले असतील तर १२४० मिळवायचे. म्हणजे बेरीज ५९४ आली की साधारण १८३४. इटलीच्या जुन्या पुस्तकांत शेवटच्या पानावर लॅटिन अक्षरात सही दिसली तर ती रब्बीची नाही, चर्चच्या सेन्सॉरची.

आता सहीबद्दल, कारण यातच लोक फसतात, मीही फसलोय. प्रेसबर्गचे (आताचं ब्रातिस्लाव्हा) नामवंत रब्बी हतम सोफेर (१७६२ ते १८३९) यांचं नाव मोशे सोफेर, पण सोफेर म्हणजे लेखनिक, मोशे नावाचा कुठलाही लेखनिक तशी सही करू शकतो! मागच्या वर्षी मी त्या नावावर भाळून एक पुस्तक घेतलं होतं. मामा म्हणाले, "अरे, नाव वाचायच्या आधी वळण बघ." अश्कनाझी (जर्मनी-पोलंडकडच्या ज्यूंचा) हात वेगळा, सफारदी (स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंचा) हात वेगळा, बगदादच्या रब्बीच्या नावाखाली पोलंडचं वळण असेल तर पुस्तक खाली ठेवा. शाई भिंगातून बघा, जुन्या कागदाची खळ गेलेली असते त्यामुळे हल्ली लिहिलेली शाई तंतूंमध्ये फुटते. इस्राएलच्या नॅशनल लायब्ररीच्या ऑनलाइन हस्तलिखितांशी अक्षर ताडून मगच पैसे द्या.

माझं मत विचाराल तर सहीपेक्षा समासातल्या टिपा घ्या. एका हलाखाच्या (ज्यू धर्मनियमांच्या) पुस्तकात कुणीतरी पानोपान वाद घातलेला, पण नंतर बाइंडरने कडा कापल्यामुळे प्रत्येक ओळीची शेवटची दोन अक्षरं गेलेली, मला खरंच वाईट वाटलं. आणि एक किनोतचं (शोकगीतांचं) पुस्तक होतं, तिशा बेआवच्या, म्हणजे मंदिराच्या विध्वंसाच्या उपासाच्या रात्री जमिनीवर बसून मेणबत्तीच्या उजेडात वाचतात ना, त्याच्या पानांवर मेणाचे थेंब तसेच होते, बोटाला लागत होते. ते मी घेतलं, सही नव्हती तरी.

पानं मोजून घ्या, हिब्रूबुक्स या वेबसाइटवर स्कॅन मिळाला तर त्याच्याशी जुळवा. भारतात वगैरे न्यायचं असेल आणि पुस्तक १७०० च्या आधीचं असेल तर परवानगीचं आधी विचारा. घरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सुती कपड्यात ठेवा.

आल्यावर आजोबांचं सिद्दूर (प्रार्थनापुस्तक) काढलं, ते मुंबईहून येताना सोबत आणलेलं. अमिदा या उभं राहून म्हणायच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलंय, "येथे उभे राहावे". इतकी वर्षं घरात होतं, मी कधी उघडून बघितलंच नव्हतं.