तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सोप्रानोज’मधला स्वप्नाचा भाग गाळला तर चालेल का?

‘द सोप्रानोज’ ही अमेरिकन माफिया मालिका बघायला घेतलेला माणूस पाचव्या सीझनच्या शेवटाकडे आला की हमखास विचारतो: अकरावा भाग म्हणे नुसता स्वप्नाचा आहे, लोक म्हणे तेव्हा फार वैतागले होते, तो गाळून पुढे गेलं तर काही बिघडतं का?

बिघडतं. आणि लोक नेमके कशावर वैतागले हे कळलं की तो भाग बघायचा कसा, तेही कळतं. पुढे कथेतले मृत्यू उघड होणार आहेत. मालिका अजून सुरूच केली नसेल, तर वाचन इथेच थांबवा.

‘द टेस्ट ड्रीम’ एचबीओवर 16 मे 2004 ला, रविवारी रात्री लागला. लेखन डेव्हिड चेस आणि मॅथ्यू वायनर यांचं, दिग्दर्शन अॅलन कोल्टर यांचं. न्यू जर्सीच्या टोळीचा म्होरक्या टोनी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात मुक्काम करतो आणि त्याला पडलेलं स्वप्न वीसेक मिनिटं चालतं. या मालिकेत स्वप्नं आधीही होती. दुसऱ्या सीझनच्या शेवटी अन्नातून विषबाधा झालेल्या टोनीशी बर्फावर मांडलेला मासा त्याच्या मित्राच्या, पुसीच्या, आवाजात बोलतो आणि आपण पोलिसांना फितूर असल्याचं कबूल करतो. पण ती स्वप्नं तुकड्यातुकड्यांनी येत होती, त्यांचा अर्थ हातात ठेवला जात होता, आणि त्याच भागात पुसीचा निकालही लागत होता. अकराव्या भागात यातलं काहीच मिळत नाही.

त्यात वेळ वाईट. सीझन 13 भागांचा, म्हणजे शेवटून तिसरा भाग. टोनीचा मावसभाऊ टोनी ब्लंडेटो (स्टीव्ह बुशेमी) तुरुंगातून सुटून आलेला. त्याचा तुरुंगातला जवळचा मित्र अँजेलो याला न्यूयॉर्कच्या टोळीतल्या फिल आणि बिली या लिओटार्डो भावांनी मारलेलं. आता हा सूड उगवणार, हे लहान मुलालाही दिसत होतं. दर रविवारी नऊच्या ठोक्याला बसणाऱ्या प्रेक्षकांमध्ये ‘गप्पा कमी, गोळ्या जास्त’ अशी मागणी करणारा मोठा वर्ग होता. त्यांनी गोळीबाराची वाट पाहिली आणि त्यांच्या वाट्याला आला दात गळणारा टोनी. सूड उगवला जातो तो टोनी झोपलेला असताना, कॅमेऱ्यापलीकडे. सकाळी टोळीतला ख्रिस्तोफर हॉटेलात येऊन सांगतो: बिली गेला, फिल जखमी आहे. मग पुढच्या रविवारपर्यंत थांबा! हा राग खोटा नव्हता. मात्र त्यातला बराचसा राग आठवडाभराच्या खोळंब्याचा होता, आणि तो खोळंबा आज तुमच्या वाट्याला येत नाही.

आपल्याकडचा प्रेक्षक आणखी एका कारणाने सावध असतो. जाहिरातीत नायिकेचा अपघात दाखवायचा आणि महाएपिसोडला ‘अगंबाई, स्वप्न होतं’ म्हणायचं, ही खोड आपल्या दैनंदिन मालिकांना आहे. तिकडे ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेने तर 1986 मध्ये अख्खा सीझनच एका पात्राचं स्वप्न ठरवून पुसून टाकला. तिथे स्वप्नामुळे घडलेलं खोडलं जातं. ‘टेस्ट ड्रीम’ घडलेलं काहीच खोडत नाही.

मग तो करतो काय? स्वप्नाची सुरुवात बघा. टोनी जागा होतो तर शेजारी न्यूयॉर्कचा म्हातारा डॉन कार्माइन, जो याच सीझनच्या सुरुवातीला वारलाय. फोन वाजतो आणि एकाला संपवायचंय असा हुकूम मिळतो. स्वप्नभर टोनीच्या डोक्यावर हे एकच काम आहे आणि ते त्याच्याकडून होत नाही. शेवटी तो शाळेतल्या जुन्या फुटबॉल प्रशिक्षकासमोर, मॉलिनारोसमोर, पिस्तूल घेऊन उभा राहतो. पिस्तूल दगा देतं, गोळ्या हातातच वितळतात आणि मास्तर त्याला सुनावत राहतात की तुझी तयारीच नाही. ज्याला मारायचं तो कोण, हे टोनीला झोपण्याआधीच उमगलेलं असतं: फोन न उचलणारा स्वतःचा मावसभाऊ. एरवी कुणालाही बेधडक उडवणाऱ्या माणसाचा हात इथे अडतो आणि ती अडचण तो जागेपणी कुणाजवळ बोलू शकत नाही. मानसोपचारतज्ज्ञ मेल्फीच्या खुर्चीतही स्वप्नात ग्लोरिया बसलेली आहे, म्हणजे त्याची आत्महत्या केलेली प्रेयसी.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की टोनीला स्वप्नात भविष्य कसं दिसलं? गुन्हेगारी कथेत हा दोष गंभीरच. ज्याला जे ठाऊक असणं शक्य नाही ते स्वप्नातून त्याच्या हाती दिलं, की सगळा तपास पोकळ होतो. पण इथे नीट पाहा. स्वप्नात ब्लंडेटो फिलला मारतो आणि बघे टोनीला बोल लावतात की तू त्याला अडवलं का नाहीस. प्रत्यक्षात मेला बिली, फिल वाचला. स्वप्न चुकलंय! अँजेलोच्या खुनाची बातमी टोनीच्या कानावर आली होती, भाऊ बेपत्ता होता. एवढ्यावरून त्याच्या मनाने बांधलेला तो अंदाज आहे. लेखकांनी तपशील चुकीचा ठेवला, यातच त्यांची शिस्त दिसते.

दिग्दर्शनातही धुरकट कडा नाहीत, प्रतिध्वनी नाही. नेहमीचाच प्रकाश, नेहमीच्याच खोल्या, फक्त माणसं बदलतात. मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांबरोबरच्या जेवणात होणाऱ्या जावयाच्या वडिलांच्या जागी येतो तो पहिल्या सीझनमध्ये जीव दिलेला पोलीस मकाझियन, आणि त्याची बायको म्हणून अभिनेत्री अॅनेट बेनिंग, चक्क स्वतःच्याच नावाने. हे जेवण मात्र लांबलंय, ही तक्रार मला मान्य आहे. जुन्या चित्रपटांचे इशारे तिथे इतके दाटलेत की टोनीची भीती थोडा वेळ बाजूला पडते.

बघण्याआधी चेहरे ताजे करून घ्या: ग्लोरिया, पुसी, टोनीनेच मारलेला राल्फी, मकाझियन, कार्माइन. टोनीची मेलेली घोडी पाय-ओ-माय हीसुद्धा. टोनी तिच्यावर बसून थेट दिवाणखान्यात येतो आणि वेगळ्या राहणाऱ्या बायकोशी, कार्मेलाशी, घरी परतण्याबद्दल बोलतो. हे ओळखता आलं नाही तर बाराव्या भागातला त्यांचा समेट अचानक झाल्यासारखा वाटतो. सबटायटल्स लावा. खोल्यांमधल्या टीव्हीच्या पडद्यांवर काय चाललंय तेही बघत राहा. प्रतीकांचे अर्थ लावायला थांबू नका, पहिल्या खेपेला सलग जाऊ द्या.

दुसऱ्या खेपेला जेवणाचा प्रसंग भराभर पुढे पळवलात तरी चालेल. पण पहाटेचा फोन सोडू नका. जाग आल्यावर टोनी कार्मेलालाच फोन लावतो, आणि पुन्हा मॉलिनारोचंच स्वप्न पडलं हे तिला लगेच कळतं. दहावा, अकरावा आणि बारावा भाग शक्यतो एकाच रात्री बघा. बाराव्यात ख्रिस्तोफरच्या प्रेयसीचा, एड्रियानाचा, शेवट आहे, त्यानंतर तेरावा लगेच लावू नका. टोनी मावसभावाच्या बाबतीत काय करतो ते त्यात आहे, ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.