वुकोकीचं मॉडेल: रंग सापडला, आता दगडांमधल्या दर्जांशी गाठ

मंडळी, वुकोकीच्या मॉडेलचा गुलाबी रंग एकदाचा गेला! (वुकोकी म्हणजे अमेरिकेत ॲरिझोनातल्या वुपाट्की राष्ट्रीय स्मारकातला, खडकावर उभा असलेला जुना दगडी बुरुज.) मागच्या नोंदीतले फोटो पाहिलेल्यांना आठवत असेल, प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये गेरू मिसळून ओतलेले पत्रे (यांचे तुकडे मोडून मी लाद्या करतो) ओले असताना वीटकरी दिसायचे आणि वाळले की थेट बर्फीच्या रंगावर यायचे. गेरू वाढवावा तर पत्रा खडूसारखा भुसभुशीत होतो, हात लावला की बोटं लाल. वरून ॲक्रिलिक फासावा, तर तोडलेल्या कडेला आतला पांढरा डोळे वटारतो. एखादी गिलाव्याची भिंत असती तर चाललं असतं. वुकोकी म्हणजे मात्र कडाच कडा. मोएन्कोपी वालुकाश्माच्या पातळ लाद्या एकावर एक रचलेल्या, आणि समोरून दिसते ती प्रत्येक लादीची तुटलेली कड.

म्हणून गेल्या आठवड्यात पुन्हा वुपाट्कीला जाऊन आलो. फ्लॅगस्टाफहून 89 नंबरच्या रस्त्याने उत्तरेला, मग सनसेट क्रेटरला वळसा घालत काळ्या ज्वालामुखी राखेतून खाली वाळवंटात. ज्यांना अजून जमलं नाही त्यांनी आईवडील अमेरिकेत आलेले असताना जरूर जावं. वुकोकीची पायवाट सपाट आहे, जाऊन-येऊन तीनशे-साडेतीनशे मीटर, गुडघे दुखणाऱ्यांनाही झेपेल अशी. वुपाट्कीच्या मोठ्या वाड्याभोवतीचा फेरा अर्ध्या मैलाचा. तिथे साधारण शंभर खोल्या, लंबगोल चेंडू-मैदान आणि जमिनीच्या भेगांतून वारा सोडणारं किंवा आत ओढणारं ते भोक, सगळं एका फेरीत होतं. सावली मात्र नाही, पाणी भरपूर घ्या.

मी सकाळी लवकर गेलो ते कडेच्या उन्हासाठी. ग्रे कार्ड (फोटोतला रंग नंतर जुळवायला लागणारं करडं कार्ड) दगडाशेजारी धरून फोटो काढले, कारण फोनचा कॅमेरा त्या लालीला दर वेळी वेगळा न्याय देतो. बुरुज ज्या खडकावर उभा आहे त्याच्या पायथ्याशी थांबल्यावर मुख्य गोष्ट लक्षात आली. खडक आणि भिंत एकाच दगडाची आहेत. खडकाचे नैसर्गिक थर आडवे, भिंतीचे थर आडवे, आणि खडक कुठे संपून बांधकाम कुठे सुरू होतं हे दोन पावलं मागे सरकलं की सांगता येत नाही. बाराव्या शतकातल्या त्या गवंड्यांनी खडकाचा उंचसखलपणा कापला नाही, त्याच्याशी जुळवून पहिला थर बसवला. आपण मॉडेलवाले आधी थर्माकोलचा डोंगर करतो, मग त्यावर किल्ला ठेवतो. इथे ते चालणार नाही. खडक आणि भिंत एकाच पत्र्यांतून निघाली पाहिजेत, आणि रंग आरपार हवा.

परत येताना हार्डवेअरच्या दुकानात शिरलो आणि फरशांचे सांधे भरायचं वाळूमिश्रित ग्राउट घेतलं, तपकिरी रंगाचं. पांढऱ्या जिप्समऐवजी मुळातच मळकट सिमेंट आणि बारीक वाळू. त्यात गेरू घातल्यावर जो रंग आला तो वाळल्यावरही टिकला! गेरूची लाली लोहाच्या ऑक्साइडची, मोएन्कोपीचीही तीच, त्यामुळे सिमेंटच्या क्षारांनी ती उडत नाही. एक सावधगिरी: इथे ऑनलाइन मागवलेल्या एका पुडीतला ‘गेरू’ पाण्यात टाकताच पाणी शेंदरी झालं. तो खडूला लावलेला रंग होता. पुण्याहून आईने पाठवलेली ढेकळं कुटून वस्त्रगाळ केली तीच खरी. ग्राउटचा पत्रा बोटांनी मोडला की कड खरबरीत, वाळूच्या कणांची निघते. चिमटा नको, कटर तर अजिबात नको, कड गुळगुळीत होते.

आता खरं दुखणं. 1:50 प्रमाणात 5 सेंटीमीटर जाडीची लादी 1 मिलिमीटरची होते. इतका पातळ ग्राउटचा पत्रा वाळताना पापडासारखा वळतो. प्लास्टिकखाली झाकून, दोन दिवस पाणी फवारून पाहिलं, वळणं कमी झालं, थांबलं नाही. त्याहून चिवट प्रश्न दर्जांचा, म्हणजे लाद्यांमधल्या सांध्यांचा. मूळ बांधकाम चिखलाच्या गाऱ्यात आहे, सांध्यांत बारीक कपच्या ठोकलेल्या आहेत. माती आणि फेविकॉलचा गारा करून ब्रशने भरला तर दगडाच्या तोंडावर फासला जातो आणि सगळी भिंत एकरंगी होते. ओल्या स्पंजने पुसलं तर फेविकॉलचा तुकतुकीत थर राहतो. सिरिंजने भरला तर वाळूचा एक कण तोंडाशी अडकतो आणि पुढच्या दाबाला सगळा गोळा भिंतीवर. माती चाळून सिरिंज चालली, पण वाळताना गारा आकसून प्रत्येक दर्जेत केसाएवढी भेग. संध्याकाळी उजेड तिरपा पडला की भिंत जाळीदार दिसते.

हे लिहिता लिहिता सकाळचे फोटो पुन्हा उघडले आणि एक सुचलं. तिरप्या उन्हात वुकोकीच्या दर्जा मातीच्या दिसतच नाहीत, सावलीच्या दिसतात. गारा दगडाच्या तोंडापासून आत आहे. मग पुढून भरायचाच कशाला? लादीच्या मागच्या अर्ध्या भागावर गाऱ्याची वळी, पुढचा अर्धा कोरडा, मधे अधूनमधून कपची. भेगा पडल्या तरी त्या आत राहतील. (उद्यान खात्याने संवर्धनासाठी बऱ्याच ठिकाणी दर्जा नव्याने भरल्या आहेत, तेव्हा मॉडेलही आजच्या अवस्थेचंच.)

आणि प्रमाणही बदलतोय. 1:24. लादी 2 मिलिमीटरची होते, त्या जाडीचा पत्रा वळत नाही, हे टाकून दिलेल्या जाड तुकड्यांवरून दिसतंय. अख्ख्या परिसराचा बेत त्यामुळे रद्द. फक्त तीन मजली बुरुज आणि त्याखालचा खडक, प्लायच्या एका पाटावर. वजन वाढेल, पाटाखाली पट्ट्या ठोकाव्या लागतील.

जमिनीसाठी फिशटँकची काळी वाळू आणली आहे. तिथली राख किंवा खापराचा तुकडाही उचलायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. सनसेट क्रेटर ज्वालामुखीच्या 1085च्या सुमाराच्या उद्रेकानंतर याच राखेने जमिनीत ओल धरून ठेवायला मदत केली, तिच्यावर मका पिकला. म्हणून ती दाखवायचीच. दिवाळीच्या किल्ल्यासारखे हळीव पेरणार नाही आणि चित्रंही ठेवणार नाही. इथले मूळ रहिवासी असलेले होपी लोक या जागेला आपल्या पूर्वजांचं घर मानतात. माझ्या बाहुल्या तिथे वावरणं मला पटत नाही.

आधी चाचणीसाठी एक कोपरा उचलतोय, दहा थरांचा, मागून गारा भरून. कोपऱ्याचे दगड एकाआड एक गुंफताना ओळंबा कसा सांभाळता? ज्यांनी खऱ्या दगडात तटबंदी केली आहे त्यांनी सांगा, मी पत्रे रविवारी ओततोय.